‘तीन डॉलरचं सोन्याचं नाणं म्हणजे दुर्मीळच’: फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेच्या तीन डॉलरच्या सोन्याच्या नाण्याबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: हे नाणं टपाल तिकिटं घेण्यासाठी काढलं, पण ते कुणी वापरलंच नाही, फार थोडी नाणी पाडली, म्हणून प्रत्येक नाणं दुर्मीळ, त्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण असलेलं ‘एस’ अक्षर सापडलं तर नशीबच उघडलं, आणि सोनं खरं निघालं की नाणंही खरं, मग घासून चकचकीत करा आणि विका. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा मजकूर जास्त फसवतो. शेवटच्या सल्ल्याने तर चांगली नाणी कायमची खराब होतात.

‘तिकिटांसाठी काढलं’

हिशेब जुळतो, हे खरं. १ जुलै १८५१ पासून आगाऊ पैसे भरलेल्या साध्या पत्राचा दर ३ सेंट झाला, म्हणजे शंभर तिकिटांचे बरोबर तीन डॉलर. पण २१ फेब्रुवारी १८५३ च्या ज्या कायद्याने हे नाणं मंजूर झालं, त्यात तिकिटांचा उल्लेख नाही. तिकिटांची सोय हे एक कारण असू शकतं, एकमेव कारण म्हणून ते छातीठोकपणे सांगू नये. नाणं रुळलं नाही त्याचं कारण मात्र सरळ आहे. एक, अडीच आणि पाच डॉलरची सोन्याची नाणी आधीच खिशात होती, मध्येच तीनची गरज कुणाला भासली नाही.

‘कुणी वापरलंच नाही’

हे चूक आहे, आणि त्याचा पुरावा नाण्यांच्या अंगावरच दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची १८५५, १८५६, १८५७ आणि १८६० ची नाणी बहुतेक झिजलेलीच मिळतात, कारण कॅलिफोर्नियात रोजचा व्यवहार सोन्यात चालायचा. पूर्वेकडचं चित्र वेगळं होतं. यादवी युद्धात, डिसेंबर १८६१ च्या अखेरीस, तिथल्या बँकांनी कागदी पैशाच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि सोन्याची नाणी बाजारातून नाहीशी झाली. १८७८ च्या अखेरीस कागदी डॉलर आणि सोनं पुन्हा समान भावाला येईपर्यंत हीच स्थिती राहिली. म्हणून नाणं हातात आलं की साल आणि टांकसाळ पाहून आधी अंदाज बांधा, किती झीज असायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोचं १८५७ चं नाणं कोरं करकरीत दिसलं, तर आनंदाआधी शंका यायला हवी.

‘थोडी पाडली म्हणून प्रत्येक दुर्मीळ’

खरा घोटाळा इथे होतो. १८५४ ते १८८९ या काळातली सगळी नाणी मिळूनही साडेपाच लाखांच्या आत आहेत, हे कबूल. पण एकट्या १८५४ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १,३८,६१८ पाडली आणि १८७८ साली ८२,३०४. ही दोन सालं आजही सहज विकत मिळतात.

आता फिलाडेल्फियाचीच दोन सालं शेजारी ठेवा. १८५८ साली चलनासाठी २,१३३ नाणी पाडली, १८८९ साली २,३००. आकडे जवळपास सारखे. तरी १८५८ चं न झिजलेलं नाणं शोधताना दमछाक होते आणि १८८९ चं आरामात मिळतं. कारण शेवटच्या दशकात संग्राहक आणि व्यापारी नाणी नवी असतानाच जपून ठेवू लागले होते. १८५८ साली तशी सवय फारशी नव्हती. पाडलेली संख्या हा फक्त पहिला आकडा. उरली किती आणि कोणत्या अवस्थेत, यावर भाव ठरतो.

खरोखर अवघड नाणं हवं असेल तर जॉर्जियातल्या डालोनेगा टांकसाळीचं १८५४ चं पाहा. तिथे हे मूल्य एकाच वर्षी निघालं, अवघी १,१२० नाणी. मागच्या बाजूला पुष्पचक्राखाली ‘डी’ अक्षर असतं. याचा छाप मुळातच कच्चा, काठावरचे दाते अर्धवट उठलेले. म्हणून फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘डी’ चिकटवला असेल तर विसंगती लगेच कळते: छाप ठसठशीत, आणि दहापट भिंगातून पाहिलं तर अक्षराच्या पायथ्याशी सांधा दिसतो.

‘एस दिसला की कोट्यधीश’

या गोष्टीचं मूळ १८७० च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यात आहे. त्याचा एकच नमुना ज्ञात आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये तो लिलावात ५५ लाख २० हजार डॉलरला गेला. त्याच टांकसाळीत १८५६ साली ३४,५०० नाणी पडली. तेव्हा ‘एस’ पाहण्याआधी साल पाहा.

‘सोनं खरं, म्हणजे नाणं खरं’

नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत बरीच बनावट नाणी खऱ्या नाण्याइतक्याच कसाच्या सोन्यात पाडली गेली. लेबनॉन त्यासाठी कुप्रसिद्ध होतं. या नाण्यात सोनं जेमतेम साडेचार ग्रॅम, आणि संग्राहकाचा भाव त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे खरं सोनं वापरूनही फायदा सुटतो.

तरी धातूची परीक्षा आधी उरकावी. वजन ५.०१५ ग्रॅम, व्यास २०.५ मिलिमीटर, सोनं ९० टक्के. झिजलं तर वजन कमी भरेल. जास्त भरलं तर संशय घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात सोडा. तळाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा ०.२९ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा, म्हणजे घनता साधारण १७.२. सोनाराचा दोन दशांश स्थळांचा काटा इथे पुरत नाही: ०.२८ आलं तर उत्तर १७.९ आणि ०.३० आलं तर १६.७. तीन दशांश स्थळांचा काटा घ्या.

धातू पास झाला की भिंग. १८५४ च्या नाण्यांवर ‘डॉलर्स’ हा शब्द लहान अक्षरांत आहे, १८५५ पासून मोठ्या. सालाशी अक्षरं जुळत नसतील तर पुढे बघायची गरजच नाही. फुगीर, गोलसर अक्षरं आणि रवाळ पार्श्वभूमी वाईट लक्षण. एकाच सालाच्या दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच खड्डा दिसला तर दोन्ही बाजूला ठेवा: एका खऱ्या नाण्यावरून ठसा घेतला की त्याची जखमही प्रत्येक नकलेवर उतरते.

‘घासून चकचकीत करा’

कृपया करू नका. आजीच्या पेटीत असं नाणं निघालं तर सोनाराला कसोटीवरही घासू देऊ नका. एका कापडाच्या पुसण्याने बारीक समांतर रेघा उमटतात. नाणं एका दिव्याखाली तिरकं फिरवलं की त्या चमकतात आणि मूळची फिरती झळाळी तुटलेली दिसते. तेलकटपणा असेल तर काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटं ठेवा, आगीपासून दूर, आणि न चोळता हवेत वाळू द्या. घड्याळात बारा असतात त्या जागी, म्हणजे वरच्या मध्यावर, कड जरूर तपासा. ही नाणी गळ्यातलं पदक म्हणून खूप वापरली गेली. कडी काढलेली असेल तर तिथल्या उभ्या खाचा पुसलेल्या आणि डाकाचा (सोल्डरचा) रंग वेगळा दिसतो. नाणी तपासून त्यांची अवस्था अंकात ठरवणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या अशा नाण्याला अंकातली श्रेणी देत नाहीत, ‘अस्सल, पण दोष आहे’ अशा अर्थाची नोंद करतात.

या कंपन्या तपासलेलं नाणं ज्या डबीत बंद करून देतात, त्या डब्याही नकली निघतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे छायाचित्र असेल तर एखादा ठळक ओरखडा निवडून हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. क्रमांक खरा आणि ओरखडा गायब, तर नाणं परत करा.