बटन. बटन. बटन.

आज सकाळी ताईने एक जाहिरात पाठवली. हिशेब बघायला माणूस हवाय, दिवसभर ऑफिसात बसून काम, दहा वर्षांचा अनुभव. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'वाहन परवाना आवश्यक.' त्यावर ताईचा मेसेज, "लेजर काय गाडीवर बसून लिहायचंय का रे?"

आधी हसलो. आता संध्याकाळ झाली तरी डोकं ठिकाणावर नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ताईची नजर ३८व्या वर्षी गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं, मग फारसं काहीच नाही. तोवर १४ वर्षं ती एकाच कंपनीत हिशेब सांभाळत होती. रडत बसली नाही, स्क्रीन रीडर शिकली, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए, एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलेला, फुकट मिळतो. एक्सेल पुन्हा हाताखाली आलं. अडलं एकाच ठिकाणी. कंपनीचं बिलांचं पोर्टल उघडलं की कानात यायचं, "बटन. बटन. बटन." कुठलं बटन? मंजूर की परत पाठवा? बनवणाऱ्याने बटनांना नावंच दिली नव्हती. नावं द्यायची, एवढंच काम. त्यासाठी ताईने सहा महिने मेल केले. शेवटी साहेब अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता विश्रांती घ्या."

विश्रांती! चाळिशीसुद्धा न गाठलेल्या बाईला!

धोरणं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर अपंग माणूस म्हणजे दाराबाहेर नोकरी मागत उभा असलेला. (दिव्यांग म्हणायचं की अपंग, यावर ताईचं मत: आधी पगार द्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.) जो आतच होता, खुर्चीवर बसलेला, त्याचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांबद्दलच्या २००६च्या करारात कलम २७ आहे. नोकरी करता करता अपंगत्व आलेल्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, नोकरी टिकवण्याचा आणि कामावर परतण्याचाही. देशोदेशींनी सह्या केल्यात. साहेबांना कुणी वाचून दाखवलं नाही बहुतेक.

आणि कोटा. जर्मनीत २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्याव्या लागतात, नाहीतर पैसे भरायचे. बरेच मालक पैसे भरून मोकळे होतात. जपानची तर कमालच. २०१८ मध्ये उघडकीला आलं की सरकारी खातीच आकडे फुगवत होती. चष्मा काढल्यावर ज्यांना कमी दिसतं, असे लोकसुद्धा दृष्टिहीनांत मोजले होते! म्हणजे इकडे खरंच न दिसणारीला घरी पाठवायचं आणि तिकडे चष्मेवाल्यांवर कोटा भरायचा.

बरं, कोट्यामुळे काहींना दार उघडलं, मान्य. चार माणसांच्या दुकानाला सगळं झेपत नाही, तेही मान्य. पण बटनाला नाव द्यायला किती झेपावं लागतं?

दुपारी फार वाईट लिहिलं होतं, ते खोडलं. साहेब दुष्ट नव्हते. ताईच्या निरोपाला त्यांचेच डोळे भरून आले होते म्हणे. मला त्याचाच जास्त राग येतो. त्यांना खरंच वाटलं की आपण तिच्यावर उपकार करतोय. आणि खरं सांगू? तेव्हा आम्हीही घरी म्हणालो होतो, "बरं झालं, दगदग सुटली." मीही म्हणालो होतो. ताई काही बोलली नव्हती, फक्त हेडफोन गुंडाळून ठेवला होता.

हे लिहितानाच तिचा फोन आला. "अरे, परवाना आहे की माझ्याकडे! मुदतही संपलेली नाही अजून. जोडू का अर्जाला?"