दोन न्हाणीघरं, एक ओल

आमच्याकडे एकाच वर्षी दोन ठिकाणी ओल आली. एक राजधानीत, सातव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये. खरं तर ती सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या छतात होती, पण त्यांचं छत ही आमची जमीन असल्यामुळे ओलीची मालकी आमच्याकडे आली. दुसरी आई-बाबांच्या घरात. ते ज्या शहरात राहतात त्याला राजधानीतले लोक 'गाव' म्हणतात, आणि तिथल्या माणसाला गाव म्हटलं की राग येतो. तिथली ओल न्हाणीघराची भिंत ओलांडून थेट बैठकीच्या खोलीत आली होती आणि पाहुण्यांच्या पाठीला पाठ लावून बसत होती.

"दोन्ही एकदमच उरकून टाकू," बायको म्हणाली. मलाही पटलं. न्हाणीघर ते न्हाणीघर. चार भिंती, खाली फरशी, फरशीला ढाळ, ढाळाच्या शेवटी जाळी. एकीकडे जे शिकू ते दुसरीकडे कामाला येईल. हा विचार मी कुठल्या घटकेला केला ते आता आठवत नाही, पण झोप पुरी झाली नसावी.

राजधानीत आधी एक तरुण डिझायनर आला. त्याने भिंतीवर लेसरचा लाल ठिपका पाडून अर्ध्या मिनिटात मापं घेतली. मग सोफ्यावर बसून त्याने विचारलं, "सर, तुमची लाइफस्टाइल काय आहे?" मी म्हणालो, "ओल." त्याने ते टॅबवर लिहून घेतलं. दोन दिवसांनी अकरा पानांचं कोटेशन आलं. जुनी फरशी फोडणे, फोडलेली फरशी गोळा करणे, गोळा केलेली फरशी गोणीत भरणे, गोणी खाली नेणे, अशा ओळींमागून ओळी. एकच क्रिया इतक्या तुकड्यांत तोडता येते हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या पानावर 'इतर' अशी एक ओळ होती आणि सगळ्यात मोठा आकडा तिच्यापुढे होता. सोबत थ्रीडी चित्र होतं. त्यातल्या न्हाणीघरात एक उंच झाड आणि खिडकीतून येणारं ऊन होतं. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही.

बाबांच्याकडे मिस्त्री आले ते चौथ्या फोननंतर. हातात काहीच नाही, कानावर पेन्सिल. त्यांनी वितीने भिंत मोजली, बोटाच्या पेराने टकटक केलं, भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं."

बस. ते 'हं' म्हणजे पाहणी, निदान आणि अंदाजपत्रक. मी विचारलं, "मिस्त्री, साधारण किती खर्च येईल?" ते दुखावल्यासारखे बघत म्हणाले, "दादा, तुमच्याकडून काय जास्त घेणार?" अकरा पानांच्या कोटेशनशी भांडता येतं. या वाक्याशी कसं भांडायचं ते मला आजही कळलेलं नाही. बाबा मात्र खूश होते. "बघितलंस? माणुसकी आहे अजून," ते म्हणाले. माणुसकीचा हिशेब पुढे आठवड्याला थोडा थोडा करत फिटत गेला, आणि एकूण किती झाला हे कुणीच मांडून पाहिलं नाही. बाबांनी तर मुद्दामच नाही.

राजधानीत घर फोडायला वेळापत्रक असतं. आमच्या सोसायटीत ठोकठोक सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते पाच. मधल्या दोन तासांत इमारत झोपते. कामगार दहाला येतात, सव्वादहापर्यंत सुरक्षारक्षकाच्या वहीत नावं लिहितात, साडेदहाला लिफ्ट मिळते (मालाची लिफ्ट आदल्या दिवशी आरक्षित करावी लागते आणि तिला आतून गाद्या लावाव्या लागतात, आमच्या पलंगाला आहे त्याहून जाड), आणि पावणेअकराला पहिला घाव बसतो. एकदा ड्रिल एक वाजून चार मिनिटांपर्यंत चाललं. एक वाजून सहा मिनिटांनी तक्रार आली, ध्वनिमुद्रणासह. तक्रारदार कोण हे कळलं नाही. नऊ वर्षं आम्ही तिथे राहतो, पण शेजारी आम्हाला फक्त आवाजाने ओळखतात आणि आम्ही त्यांना.

बाबांच्याकडे वेळेचं बंधन नाही. हवं तेव्हा फोडा. पण पहिला घाव बसताच अर्धी गल्ली बघायला येते. समोरचे निवृत्त गृहस्थ रोज हात मागे बांधून दारात उभे राहायचे. "जाळी त्या कोपऱ्यात का घेतलीस? इकडे घे," ते मिस्त्रींना म्हणायचे, आणि मिस्त्री घ्यायचे! मी विचारलं, "मिस्त्री, घर कुणाचं?" तर म्हणाले, "दादा, त्यांनी स्वतःचं घर स्वतः उभं राहून बांधून घेतलंय." मी राजधानीत अकरा पानांवर सही केली होती, तरी मला हा अधिकार मिळाला नव्हता. त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून जाळी तीन कोपरे फिरली. चौथ्या कोपऱ्यात दार होतं म्हणून थांबली.

राडारोड्याची तर गंमतच. राजधानीत तो उचलायला पैसे मोजावे लागले, वर तो योग्य जागी टाकल्याची पावती सोसायटीला दाखवावी लागली. बाबांच्या दारात मात्र ढीग पडल्यावर तासाभरात तिघे जण मागायला आले. एकाला फाटकासमोरचा खड्डा बुजवायचा होता, दुसऱ्याला जोत्यात भर घालायची होती, आणि तिसऱ्याला नक्की कशाला हवा होता ते त्यालाही सांगता आलं नाही, पण बाकीचे नेत होते म्हणून त्याला हवा होता. आमची जुनी फरशी आज गल्लीभर पसरलेली आहे. येता-जाता ओळखीची वाटते.

टाइल्स निवडायला राजधानीतल्या दालनात गेलो तेव्हा पांढऱ्या रंगाचेच इतके प्रकार होते की तिसऱ्या दालनानंतर मला माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे हे सांगता येईना. लहान शहरातल्या दुकानात अकरा प्रकार, त्यांतले सहा संपलेले. दुकानदार म्हणाले, "हव्या तर राजधानीहून मागवून देतो." मागवल्या. आल्यावर खोक्याच्या पाठीवर बघितलं, तर कारखाना त्यांच्या दुकानापासून तासाभराच्या रस्त्यावर. टाइल राजधानीला जाऊन, जरा हवापाणी बघून, महाग होऊन परत आली होती. आमच्या शहरातली बरीच मुलंही असंच करतात. मी त्यांतलाच.

आता खरा मुद्दा, म्हणजे सिमेंट आणि प्लास्टर. दोन्ही कामं चालू असताना रात्री झोप येईना, तेव्हा मी या दोघांची कुळं शोधत बसलो. प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे आपलं पीओपी, त्यातलं पॅरिस खरोखरचं आहे. तिथल्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या. जिप्सम साधारण दीडशे अंशांना भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं, आणि त्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती काही मिनिटांतच घट्ट होते. म्हणजे पक्की राजधानीची वस्तू. पटकन जमते, गुळगुळीत दिसते, खालचं काहीही झाकते, आणि तिला पाणी सोसत नाही.

सिमेंटची जात वेगळी. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 साली जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या माणसाने घेतलं. तो इंग्लंडमधल्या लीड्सचा गवंडी. लंडनचा नव्हे, लीड्सचा! आजचं सिमेंट त्याच्या सिमेंटपेक्षा बरंच वेगळं आहे, पण नाव त्याने दिलेलंच. ते त्याने दिलं पोर्टलंडच्या दगडावरून, कारण घट्ट झालेलं सिमेंट त्या दगडासारखं दिसतं असं त्याचं म्हणणं. आणि पोर्टलंडचा दगड म्हणजे कुठला, तर लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलला वापरलेला. बघा, लीड्सच्या गवंड्यालासुद्धा माल खपवायला राजधानीत गाजलेल्या दगडाचंच नाव लागलं. माझ्या टाइलवाल्याने काही नवीन केलं नव्हतं.

पण स्वभावाने सिमेंट लहान शहराचंच. त्याला घाई चालत नाही. ते वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं, म्हणून त्याला दिवसेंदिवस पाणी पाजावं लागतं. त्याची ताकद मोजायची तीसुद्धा 28 दिवसांनी. आमच्या मिस्त्रींनी हे शास्त्र फारच मनावर घेतलं. गिलावा करून ते जे गेले ते गेलेच. फोन केला की म्हणायचे, "दादा, मुरतंय." मागून दुसऱ्याच कुणाच्या घरातल्या फरशी कापायच्या यंत्राचा आवाज यायचा. गिलाव्याला आठवडाभर पाणी मारलं की पुरे, एवढं मीही वाचलं होतं. पण वाचलेलं मिस्त्रींना सांगायचं म्हणजे पोहणाऱ्याला काठावरून पाणी समजावून सांगण्यासारखं. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ नळी धरून भिंतीला पाणी मारत होते. आयुष्यात त्यांनी बागेतल्या झाडांना इतकं पाणी घातलं नसेल.

तिकडे राजधानीत उलटंच. डिझायनर म्हणाला, "सर, वर पीओपीचं फॉल्स सीलिंग करू. पाइप झाकले जातील, आणि हा डागही."
"कुठला डाग?"
"हा. वरून थोडी ओल दिसतेय."
म्हणजे आम्ही खालच्यांना जे देत होतो ते आम्हालाही वरून मिळत होतं. मी म्हणालो, ओल बंद करायला नको का? तो म्हणाला, "ते स्कोपमध्ये नाही, सर." मी सही केली. चार दिवसांत सीलिंग झालं, आत दिवे लागले आणि डाग दिसेनासा झाला. मलाही वाटलं, सुटला प्रश्न. राजधानीत राहून माणसाला ही सवय लागते.

मग चुका निघाल्या. निघणारच होत्या.

राजधानीत न्हाणीघरात पाणी तुंबवून चोवीस तासांची चाचणी घेतली होती, फोटो आणि सहीसकट. पाणी खाली गेलं नाही हे खरं. पण ते जाळीकडेही जात नव्हतं. ढाळ दाराकडे होता. मीटरला एखादा सेंटिमीटर ढाळ पुरतो, पण तो कुठल्या दिशेला हवा हे अकरा पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तक्रार केली. "सर, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," असं उत्तर आलं. पुढच्या पाच आठवड्यांत तीन प्रोजेक्ट मॅनेजर बदलले आणि तिघांनीही तेच फोटो नव्याने मागितले. मी कडक ईमेल लिहिले. मुद्दे 1, 2, 3. एकात तर 'खेद' हा शब्द तीनदा वापरला. उपयोग शून्य, पण लिहिताना इतकं बरं वाटायचं की ढाळ दुरुस्त झाला असता तर चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं.

बाबांच्याकडे ढाळ असा झाला होता की पाणी सांडायच्या आत जाळीकडे धावायचं. मिस्त्रींनी पाणसळ लावलीच नव्हती. मगभर पाणी ओतायचं आणि ते कुठे जातं ते उकिडवं बसून बघायचं, एवढीच त्यांची तपासणी. पण आरसा त्यांनी स्वतःच्या उंचीने लावला होता, आणि ते माझ्या खांद्याला लागतात. आरशासमोर उभं राहिलं की मला माझा गळा दिसतो. आणि नळ इतका खाली, की त्याखाली फक्त आडवी केलेली बादली जाईल.

गाडीत बसून मी वाक्य पाठ करत आलो: मिस्त्री, हे काम मला पसंत नाही. फोन केल्यावर मिस्त्री वीस मिनिटांत आले. नळ बघितला. आरसा बघितला. मग भिंतीला टेकून खालीच बसले. "चुकलंच दादा आपलं. कधी नाही असं होत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की आई आतून धावत आली. "अरे, होतं असं एखाद्या वेळी. त्याला काय एवढं?" मग ती माझ्याकडे वळली. "तू काही बोललास का त्याला?" मी म्हणालो, "छे. जमलं तर जरा बघा, एवढंच म्हणत होतो." बाबांनी त्यांना पुढच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स दिला. पुढचं काम कुठलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

करणार काय? मिस्त्रींचा भाऊ माझ्या वर्गात होता. बाबांना ते रोज रस्त्यात भेटतात. राजधानीतल्या माणसाला मी एक तारा देऊन मोकळा झालो. इथे तारे द्यायची सोय नाही, आणि असती तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात येऊन विचारणार, "काका, दादांनी एकच दिला होय?" नळ त्यांनी दोन दिवसांत वर घेतला. आरसा अजून तिथेच आहे. आईची उंची मिस्त्रींएवढी आहे आणि तिचं म्हणणं की आयुष्यात पहिल्यांदा आरसा बरोबर लागलाय.

गेल्या महिन्यात राजधानीतल्या नव्या सीलिंगवर दिव्याच्या बाजूला एक पिवळा ठिपका आला. मग तो बशीएवढा झाला. तक्रारीचं तिकीट काढावं की ईमेल लिहावी या विचारात मी सवयीने मिस्त्रींनाच फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
"वर कोण राहतं, दादा?"
"माहीत नाही."
"किती वर्षं झाली?"
"नऊ."
बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. "मग आधी वर जाऊन ओळख काढा," ते म्हणाले. "ओलीचं मागाहून बघू."

मी वर गेलो. बेल वाजवली. दार उघडलं ते एका घामाघूम माणसाने. हातात अकरा-बारा पानांचा गठ्ठा, पायात सिमेंटचा चिखल. मी नाव सांगायच्या आत तो म्हणाला, "आलात? बरं झालं. चार दिवस वाट बघतोय कुणीतरी येण्याची," आणि मला थेट आत घेऊन गेला. फरशी उखडलेली होती. भिंतीला कमरेपर्यंत ओल. तो आशेने माझ्याकडे बघत होता. माझे हात कधी मागे बांधले गेले ते कळलं नाही. मग मी एक हात सोडवला, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणालो, "हं."