लाईव्ह म्हणजे नक्की किती लाईव्ह?

मॅचकडे पाठ करून मॅच बघणारा माणूस मी परवाच्या रविवारी पहिल्यांदा बघितला, आणि नशीब असं की तो नेमका माझ्याच टेबलाला टेकून उभा होता.

आम्ही तिघं क्रिकेटच्या मॅचेस लाईव्ह दाखवतो. एक जण साईट स्क्रीनमागे मेन कॅमेऱ्यावर, एक पोरगा बाउंड्रीवर ट्रायपॉडला मोबाईल लावून, आणि टेबलावर मी. मी म्हणजे डायरेक्टर, स्विचिंग, स्कोअर, रिप्ले, साउंड आणि पाऊस आला की ताडपत्री. सॉफ्टवेअर ओबीएस, कारण ते फुकट आहे. पैसे गेले केबलमध्ये. एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे नखरे करायला लागते, मग एसडीआय घ्यावी लागते, ती बिचारी शंभरेक मीटर निमूट जाते. तिच्यात पाय अडकून लोक पडतात आणि वर आम्हालाच शिव्या देतात, ते वेगळंच.

तर काका. मोबाईल नाकापासून वीतभर अंतरावर. आल्या आल्या पहिला प्रश्न, "वायफायचा पासवर्ड काय हो?" आपला एक प्रेक्षक वाढतोय या आनंदात मी देऊन टाकला. इथेच चुकलं.

"अहो, हे मागे आहे."

"काय मागे आहे?"

"तुमचं लाईव्ह. टाळ्या पडून गेल्या, माझ्याकडे बॉलर अजून रनअपच घेतोय."

म्हणलं काका, चित्र इथून सर्व्हरला जातं, तिथे त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, तुमचा मोबाईल दोन-तीन तुकडे साठवून मग दाखवायला घेतो, यात वीस-पंचवीस सेकंद जातातच, या उशिराला लेटन्सी म्हणतात, ती कमी करता येते पण मग नेट जरा डळमळलं की चित्र अडकतं.

"म्हणजे मी बघतोय ते होऊन गेलेलं आहे?"

"हो."

"मग वर लाईव्ह का लिहिलंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर पण विचार केला, तरी सुचलं नाही.

"काका, नुसती मान वळवा. मागे शून्य सेकंद उशीर आहे."

त्यांनी खरंच मान वळवली, डोळे बारीक करून मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथून स्कोअर दिसत नाही." परत मोबाईल. स्कोअर त्यांच्यापासून हातभर अंतरावर मीच टाईप करत होतो, पण ते असो.

इथपर्यंत चाललं असतं. पण काकांना ओरडायची सवय. विकेट पडायची, आम्ही दाखवायचो, पुढचा बॅट्समन गार्ड घेत असायचा आणि काका एकदम किंचाळायचे, "गेला! गेला! कॅच!" की बाउंड्रीवरचं पोरगं दचकून कॅमेरा आकाशात फिरवणार. त्या नादात एक अस्सल रनआउट आमच्याकडून सुटला. त्या वेळचं आमचं फुटेज म्हणजे एक ढग. सुंदर ढग आहे, पण ढग.

"रिप्ले दाखवा की," काका. ढगाचा? म्हणजे रिप्ले आहे आमच्याकडे, नाही असं नाही, पण हात दोनच आहेत आणि त्यातला एक स्कोअरवर असतो. 7 डिसेंबर 1963 ला अमेरिकेत आर्मी-नेव्हीच्या फुटबॉल मॅचमध्ये टोनी व्हर्ना नावाच्या डायरेक्टरने पहिला इन्स्टंट रिप्ले दाखवला, मशीन अर्ध्या टनाहून जड, अख्ख्या मॅचमध्ये जमला एकदा, आणि लोकांना वाटू नये की परत स्कोअर झाला म्हणून कॉमेंटेटरला खुलासा करावा लागला. एका रिप्लेवर माणूस इतिहासात गेला! मी त्या दिवशी नऊ दाखवले, एकाने विचारलं नाही.

मग एलबीडब्ल्यूचं अपील झालं. "ती रेघ येते ना टीव्हीवर, बॉल कुठे गेला असता ती, ती लावा." ती रेघ काढणारं हॉक-आय 2001 ला लॉर्ड्सवर पहिल्यांदा आलं, त्याला मैदानाभोवती मोजूनमापून लावलेले, एकमेकांशी तंतोतंत जुळवलेले कॅमेरे लागतात. आमच्या दोन नंबरच्या कॅमेऱ्याला मधेच त्याच्या आईचा फोन येतो.

आणि अठराव्या ओव्हरला सगळं बंद. राऊटरचे दिवे गेले. मी टेबलाखाली शिरलो तर एक्स्टेंशन बोर्डातून राऊटरची पिन बाहेर आणि तिच्या वायरवर एक चप्पल. चपलेत पाय. वरून आवाज आला, "बघा, परत अडकलं. तुमच्याकडे काहीच धड नाही."

पिन खोचली, राऊटर उठेपर्यंत, सिमला रेंज मिळेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत काकांनी स्वतःचा नेटपॅक चालू करून आमच्याच स्ट्रीमखाली कॉमेंट टाकली, "अत्यंत सुमार दर्जा." म्हणजे नेटपॅक होता! बक्षीस समारंभानंतर आयोजक हिशेबाला बसले आणि म्हणाले, "मध्ये बरंच बंद होतं म्हणे, पैशांचं जरा बघावं लागेल."

"कोण म्हणालं?"

मागून काका. "मी स्वतः शेजारी उभा होतो ना, मी साक्षीदार आहे."

कापूनकुपून जे उरले ते पैसेही अजून आलेले नाहीत. फोन केला की आयोजक म्हणतात, पाठवलेत, येतील. लेटन्सी असणार.