पोट साफ आहे हो काका, वास तरीही येतो

काका नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तोंडाच्या वासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की फार्मसीवाला स्वतः माउथवॉशच्या बाटल्या विकतो आणि आमच्या लवंग-बडीशेपेला नावं ठेवतो, वास हा पोटाचा विकार, त्रिफळा घ्या, आमच्या आजोबांनी आयुष्यभर दातवण केलं नि त्यांना कधी वास आला नाही.

बाटल्या विकतो, खरंय. म्हापशाला दुकान आहे, बाटल्या समोरच मांडल्यात. पण त्याच लेखात मी माउथवॉशलाही झोडलंय, तेवढा परिच्छेद तुम्ही गाळलात. लिस्टरिन १८७९ साली आलं ते सर्जरीतलं अँटिसेप्टिक म्हणून, तोंडाच्या वासाची भीती घराघरात गेली ती १९२०च्या दशकातल्या जाहिरातींमुळे. गुळणा केला की थोडा वेळ बरं वाटतं, मग परत तेच. अल्कोहोलवाला असेल तर काहींचं तोंड कोरडं पडतं ते वेगळंच, आणि क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक असलेला काम करतो पण जास्त दिवस वापरला की दातांवर तपकिरी डाग.

आता पोट. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर आला किंवा आंबट वर आलं तरच पोटातला वास तोंडाशी येतो. रात्री चोरिस-पाव (लसूण घातलेलं गोव्याचं सॉसेज) खाल्ला आणि सकाळी ब्रश करूनही लसणीचा वास येतोय, तर तो रक्तातून फुफ्फुसात जाऊन श्वासावाटे येतोय, त्याला त्रिफळा काय करणार? बाकी दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या फटीत, जिथे हवा पोचत नाही तिथे जंतू अन्नातली नि लाळेतली प्रथिनं कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू निघतात, त्यातला एक तर सडक्या अंड्याचाच.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. तीन वर्षं काउंटरमागे गालात लवंग धरून बसायचो, ॲसिडिटीच्या गोळ्या आपल्याच दुकानातल्या, फुकट! गिऱ्हाईक बिल घेताना मान जरा मागे घेतं हे दिसायचं पण आपल्याच तोंडाचा वास आपल्याला कुठे कळतो. शेवटी दाढ दुखली म्हणून डेंटिस्टकडे गेलो तर त्या बाईंनी खालच्या दोन दाढांमधून फ्लॉसचा धागा ओढून काढला आणि काही न बोलता माझ्याच नाकाखाली धरला. काय सांगू काका, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, ओली होऊन चार दिवस राहिल्यासारखं. दोन वेळा ब्रश करणारा माणूस मी, पण ब्रश त्या फटीत जातच नाही. हिरड्यांतून रक्त यायचं, दुखत नव्हतं म्हणून सोडून दिलेलं. स्केलिंग केलं, म्हणजे दातांवरचं किटण काढून घेतलं, तेव्हापासून रात्री धागा. लवंग सुटली.

आणि लवंगेला नावं ठेवलेली नाहीत हो, चघळल्याने लाळ सुटते, तो फायदाच. पण ती खालची घाण काढत नाही, नुसता वरून वास. अत्तर लावून आंघोळ होते का?

तुमच्या आजोबांचं मात्र शंभर टक्के बरोबर. माझेही आजोबा दातवण करायचे, पण दात घासून झाले की तीच काडी उभी चिरायचे, वाकवायचे आणि जीभ पार मागपर्यंत खरवडायचे, उबळ येईस्तोवर, आवाज शेजारच्या घरात जायचा. आम्ही पोरं हसायचो. आपण काडीच्या जागी ब्रश आणला आणि ती दुसरी अर्धी गोष्ट सोडली, वर माउथवॉश विकत घेतला.

तुम्ही बीपीच्या गोळ्या घेता असंही लिहिलंय. त्यातल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की वास वाढतो, सकाळी उठल्यावर येतो तोही त्यामुळेच. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. एवढं करूनही गेला नाही तर बांबोळीला गोव्याच्या डेंटल कॉलेजमध्ये दाखवा, आणि तिथे तोंडात काही नाही निघालं तर मग साखर, टॉन्सिल, सायनस, आणि हो, पोटसुद्धा.

जीभ घासायची तांब्याची पट्टी भांड्यांच्या दुकानात बघा, मी नाही ठेवत.