क्लासिकलचा हात आणि जॅझची गिटार

पणजी-मडगावच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. मुलाला पुढे जॅझ वाजवायचा असेल तर क्लासिकल गिटारच्या (नायलॉनच्या तारांची, बोटांच्या नखांनी छेडायची) क्लासला घालू नका, हात कायमचा बिघडतो, असा त्याचा सूर. खाली कारणं दिलीत. ती एकेक करून बघू.

'बोटांनी वाजवलं की स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, येत नाही.' जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीने पिक (तारा छेडायची चकती) बाजूला ठेवला, सगळं अंगठ्यावर वाजवलं. ते क्लासिकल तंत्र नव्हे, असं कोणी म्हणेल. ठीक. मग जॅझ गिटारवादक चार्ली बर्ड घ्या. 1954 मध्ये तो क्लासिकल गिटारचा उस्ताद सेगोव्हियाकडे शिकला आणि 1962 मध्ये स्टॅन गेट्झच्या सॅक्सोफोनसोबत नायलॉनच्या तारांवर बोसा नोव्हा ही ब्राझीलची संगीतशैली वाजवून त्याने अमेरिकेला वेड लावलं. जॅझ गिटारवादक राल्फ टाउनर तर व्हिएन्नाला जाऊन रीतसर क्लासिकल शिकून आलेला. अडचण खरी आहे ती वेगळीच. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून-पालटून, दोन्हींचा आवाज अगदी सारखा, हे क्लासिकलवाला वर्षानुवर्षं घोटतो. जॅझमध्ये हाच सारखेपणा मोडावा लागतो: जोडीतला पहिला स्वर लांब, दुसरा आखूड, आणि वजन बऱ्याचदा त्या दुसऱ्यावर. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून बसायचं. हा कानाचा रियाज आहे. नखांचा त्यात काय दोष?

'बोटं हळू पडतात.' अर्धं खरं. बीबॉपच्या (वेगवान जॅझच्या) धावत्या एकेरी ओळी पिकवर सोप्या जातात, यात वाद नाही. पण जॅझ गिटार म्हणजे नुसता सोलो नव्हे. गायकाला साथ करताना चार स्वरांचा कॉर्ड पियानोसारखा एकदम वाजायला हवा. पिक तो तारांवरून ओढत नेतो. अंगठ्याने बास चालवायचा, बोटांनी अधूनमधून कॉर्ड टाकायचे, वरच्या तारेवर धून ठेवायची. जॅझ गिटारवादक जो पास कोणाच्याही साथीशिवाय मैफल रंगवायचा, ती मुख्यतः याच रीतीने. क्लासिकलच्या विद्यार्थ्याला हे अवयव आधीच सुटे करून मिळालेले असतात.

'नोटेशन वाचणाऱ्याला उत्स्फूर्त वाजवता येत नाही.' हे गोव्यात बसून लिहायला धाडसच लागतं! चर्चच्या शाळांतून सोल्फेज (स्वर वाचून गाणं) शिकलेली, मेस्तांच्या, म्हणजे संगीताच्या मास्तरांच्या, धाकात वाचायला बसलेली गोंयकार पोरंच मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत होती. हळदोण्याचा चिक चॉकलेट रात्री ट्रम्पेटवर अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगच्या वाटेने जायचा आणि सी. रामचंद्रांकडे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातही असायचा. सिनेमाला गोव्याचे वादक हवे असत, कारण कागद समोर ठेवला की वाजवत. वाचनाने त्यांचा जॅझ अडला नाही.

'नायलॉनचा आवाज ड्रम्ससमोर ऐकू येत नाही.' पिकअप (तारांचा आवाज विजेने मोठा करायचं साधन) लावा. तक्रार वाद्याची आहे, तंत्राची नव्हे. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चननेही 1939 मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये वाजवलं ते विजेच्या गिटारवरच.

संदेशात नसलेल्या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. स्टीलच्या तारा नखं खातात. आणि क्लासिकलची मान नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपाशी) साधारण 52 मिलिमीटर रुंद, इलेक्ट्रिकची 43च्या आसपास; वाद्य बदललं की डावा हात काही दिवस चाचपडतो.

मुलांचं अडतं ते भलतीकडेच. ग्रेडच्या परीक्षेसाठी तीन तुकडे वर्षभर घासले जातात, पण समोर नुसती कॉर्डची चिन्हं ठेवली की हात थांबतो. तेव्हा क्लास बदलण्याआधी शिक्षकांना विचारा: दोन-पाच-एक (सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड ओळीने) ही जॅझची चाल बाराही पट्ट्यांत करून घ्याल का? हो म्हणाले तर पोराला तिथेच राहू द्या.