मिळालं नाही तर मिळालं नाही म्हण ना!

गुहागरात पाऊस लागला की लाईट जाणार, नेट रडणार, हे मी धरूनच चालतो. वाडीत रेंज फक्त पडवीच्या टोकाला, तिथे मांडीवर लॅपटॉप घेऊन मुंबईच्या सर्व्हरवर काम करतो. त्याचा राग नाही. राग आहे तो विम या टेक्स्ट एडिटरच्या प्लस रजिस्टरचा, म्हणजे कॉपी केलेलं बाहेरच्या क्लिपबोर्डवर नेणाऱ्या कप्प्याचा.

सर्व्हरवरच्या लॉगमधल्या शंभरेक ओळी मेलमध्ये टाकायच्या होत्या. ओळी सिलेक्ट केल्या, डबल कोट, प्लस, वाय या कळा दाबल्या. खाली रुबाबात आलं, इतक्या ओळी यँक, म्हणजे कॉपी, झाल्या. मेलमध्ये पेस्ट करतो तर सकाळचा गॅस बुकिंगचा नंबर! अरे, मग यँक झालं ते गेलं कुठे?

गेलं बिननावाच्या रजिस्टरमध्ये. प्लस आणि स्टार ही विमची स्वतःची रजिस्टरं नव्हेतच. लिनक्सवर ती सहसा एक्स सर्व्हरच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भरवशावर चालतात: स्टार म्हणजे माऊसने सिलेक्ट केलेलं, प्लस म्हणजे कंट्रोल-सी वालं. सर्व्हरवर एक्सच नाही, डिस्प्ले व्हेरिएबल रिकामं, मग विम गुपचूप साध्या रजिस्टरवर येतो. मदतीच्या पानात हे लिहून ठेवलंय, पण ऐन वेळी तोंडातून ब्र नाही. डेबियन लिनक्सचं साधं विम पॅकेज तर क्लिपबोर्डशिवायच बांधलेलं. विमचं व्हर्जन बघा, क्लिपबोर्डच्या आधी वजा दिसेल, म्हणजे ती सोय नाही. क्लिपबोर्डसकट येणारं जीटीके वालं पॅकेज टाका म्हणतात. टाकलं, तरी डिस्प्ले कुठून आणू? एसएसएचमधून, म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्या त्याच वाटेने, एक्स ओढायचं, तेही या रेंजवर?

म्हटलं निदान त्याच सर्व्हरवर दुसऱ्या फाईलमध्ये तरी नेऊ. विम बंद केला, दुसरी फाईल उघडली, पेस्ट करायला पी दाबलं. पहिल्या ५० ओळी आल्या, बाकीच्या गायब. का, तर विमइन्फोमध्ये, म्हणजे विम बंद होताना रजिस्टरं जपून ठेवतो त्या फाईलमध्ये, दर रजिस्टरच्या ५० ओळीच ठेवायच्या असं मुळातच ठरलेलं. आणि रजिस्टर १० केबीच्या वर गेलं तर अख्खंच वगळतो. इथेही चकार शब्द नाही! माझा एरर नेमका ५० च्या खालच्या ओळीत होता. ती फाईल तशीच पाठवली असती तर समोरच्याने दिवसभर भलतीकडेच शोधलं असतं.

माऊसने ओढून घ्यावं तर लाईन नंबर सकट येतं आणि लांब ओळी मधेच तुटतात.

विमवरूनच निघालेला निओविम निदान तोंडावर सांगतो, क्लिपबोर्डचा प्रोव्हायडर नाही म्हणून. आणि उपाय नाही असंही नाही. ओएससी ५२ आहे: मजकूर बेस ६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, एस्केप सिक्वेन्स या खास संकेतातून टर्मिनलला द्यायचा, टर्मिनल तो लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर ठेवतं. एक्स लागत नाही, एसएसएचमधून नीट येतं. निओविममध्ये २०२४ च्या ०.१० पासून ते आतच आहे. एका टर्मिनलात अनेक चालवणारं टीमक्स मधे असेल तर त्याचं सेट-क्लिपबोर्ड ऑन करा, नाहीतर तिथे अडतं.

पण मला जादू नकोच आहे. प्लस मागितला आणि प्लस नाही, तर लाल अक्षरात एक ओळ दाखव. यँक झालं म्हणून खोटं सांगू नकोस.