शिरोली एमआयडीसीतल्या नेटवर्कच्या दोन-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

इंटरनेट कंपनीकडून आयपीव्ही ६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) मिळत असताना मशीनना १०.४७.२० मालिकेतले खासगी पत्ते आणि जोडीला एफडीने सुरू होणारे, म्हणजे आयपीव्ही ६ मधले खासगी पत्ते देऊन आम्ही जुनाट काम केलं, शिवाय घरून कॅमेरे दिसत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे.

तुमच्याकडे दोन लाइन आहेत. एकीची फायबर तुटली की राउटर दुसरीवर जातो आणि आयपीव्ही ६ चा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा कंपनीने दिलेला सुरुवातीचा भाग, बदलतो. काही कनेक्शनवर तर पीपीपीओई (राउटरचं कंपनीकडचं लॉगिन) पुन्हा जोडलं तरी बदलतो. सीएनसीत (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये) सर्व्हरचा पत्ता हाताने टाकलेला असतो. तो बदलला की नेट चालू असूनही प्रोग्राम लोड होत नाही. तुमच्या हजेरी मशीनला आणि जुन्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला) तर आयपीव्ही ६ कळतच नाही. आतले पत्ते आपले असले की बाहेर काहीही होवो, शॉप थांबत नाही.

१९२.१६८.१ मुद्दाम टाळलं. घरच्या पुष्कळ राउटरवर तेच असतं, मग व्हीपीएन (घरून शॉपच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) जोडूनही लॅपटॉप सर्व्हर घरातच शोधत बसतो. एफडीनंतरचे ४० बिटही रँडम काढलेत, म्हणजे उद्या दुसरं युनिट जोडताना पत्ते भिडणार नाहीत. एकाच नावाला आयपीव्ही ४ (जुन्या पद्धतीचा, १०.४७.२० सारखा पत्ता) आणि एफडी दोन्ही दिले तर विंडोज नेहमीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही ४ निवडतं. एफडी पत्ते न वापरता पडून आहेत असं तुम्हाला वाटलं ते यामुळे. तो बिघाड नाही.

खासगी पत्ता म्हणजे सुरक्षा नव्हे, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. म्हणून फायरवॉलचे नियम वेगळे लावलेत. आणि एकच लाइन, कायमचा प्रीफिक्स, सगळी उपकरणं नवी असती तर एफडी नकोच, असं आम्हीच सांगितलं असतं.

कॅमेऱ्याचं कारण वेगळं आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल तर बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तुमच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी आतल्या मशीनकडे वळवणं) करून उपयोग नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा बाहेरचा पत्ता) घ्या. नाहीतर मोबाइल नेटवर आयपीव्ही ६ असेल तर राउटरवर वायरगार्ड (एक व्हीपीएन), डीडीएनएसच्या (बदलत्या पत्त्याला कायम नाव देणाऱ्या सेवेच्या) नावाला एएएए रेकॉर्ड (त्या नावाचा आयपीव्ही ६ पत्ता) आणि वायरगार्डचं पोर्ट यूडीपी ५१८२० उघडं, एवढ्यावर भागतं. डीव्हीआरचं पोर्ट मात्र थेट उघडू नका. वायरगार्ड जोडलं की डीव्हीआर त्याच १०.४७.२० च्या पत्त्यावर फोनवर दिसेल.